दोरीवरच्या पिशव्या

मास्तरांनी घसा खाकरून ‘सोशिक’ हा शब्द उच्चारला आणि धाकटीच्या हातातला कप बशीवर खण्णकन आपटला.

खोली गच्च भरली होती. भिंतीला टेकवलेली बाकं, शेजारून आणलेल्या खुर्च्या, खिडकीच्या कट्ट्यावर दाटीवाटीनं बसलेल्या पोरी. थोरलीला जाऊन आठवडा होत आला होता आणि वाटेवरची सगळी घरं आज तिच्या आठवणी काढायला जमली होती. बोलायला उभा राहिला तो तिचा दुसरा मुलगा. शाळेत शिकवायचा, म्हणून घरातही सगळे त्याला मास्तरच म्हणत. मोठा मुलगा, दादा, शेत बघायचा. बैलाएवढं अंग, पण चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याला दरदरून घाम फुटायचा.

“माझी आई म्हणजे शांत, सोशिक, कुणाशी कधी चढ्या आवाजात न बोललेली...”

“कुणाची आई?” धाकटी म्हणाली. हळू म्हणायचं तिच्या मनात होतं, पण तिच्या आवाजाला हळू कधी जमलंच नव्हतं.

ती थोरलीची जाऊ. नवी नवरी होऊन या घरात आली त्या दिवशी ‘धाकटी’ नाव पडलं, ते पडलंच. केसांचा कापूस झाला, नवरा गेला, पाठोपाठ गुडघे गेले, तरी ती धाकटीच राहिली. नातवंडं थोरलीला ‘आजी’ म्हणायची आणि हिला ‘धाकटी आजी’, जशी काही ही आजीपणात अजून शिकाऊ होती.

“काकी, मला बोलू द्या ना,” मास्तर म्हणाले.

“बोल की! पण आपल्या घरातल्या बाईबद्दल बोल. ही कोण शांत बाई गेली म्हणून आम्ही सगळे काम टाकून बसलोय, ते तरी कळू दे. भेसळीचं बी घेऊन व्यापारी आला होता, तेव्हा तुझी सोशिक आई केरसुणी उगारून त्याच्यामागं रस्त्यापर्यंत धावली होती. त्याची एक चप्पल अजून कोठीत पडलीय. बाहेर काढली असती, पण म्हटलं आज पाहुणे आहेत.”

बाकांवर हशा पिकला. मास्तरांचे कान लाल झाले.

“खालच्या रानात काय होतं ती आली तेव्हा? दगड! हातात घ्यावा तो दगड. कडेवर एक मूल, पोटात एक, आणि ही दगड वेचतेय. माझा सासरा बांधावर बसून म्हणायचा, या जमिनीत फक्त साप पिकतील. ती म्हणाली, मग साप विकू. त्याच दगडांची ती भिंत उभी आहे ना, जिच्यावर बसून तुम्ही सगळे पोरपणी कच्ची फळं चोरून खाल्लीत? मागच्या बाकावरचे, हसू नका, तुमच्याबद्दलच बोलतेय.”

पण मागचं बाक हसत नव्हतं. तिथं काहीतरी वेगळंच चाललं होतं. गिरणीवाला खिडकीतून बाहेर बघत होता. शिवारातला सगळा दाणा त्याच्याच गिरणीत यायचा आणि त्याचं स्वतःचं रान यांच्या रानाला लागून होतं. त्यानं शेजारच्याला कोपरानं ढोसलं. शेजारच्यानं मान लांब करून बघितलं आणि पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. गिरणीवाला उठला, रुमालानं तोंड पुसत दाराशी गेला आणि वाकून म्हणाला, “धाकट्या बाई, माफ करा हं. थोरल्या बाई असत्या तर त्याच म्हणाल्या असत्या, जा म्हणून.”

एकामागून एक बाप्यांनी पाय काढता घेतला. खोलीत घरची माणसं, बायका आणि चहाचे कप तेवढे उरले.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. या घरात दुःखाला येऊन अर्ध्यातून उठून जायची छाती आजवर कुणाची झाली नव्हती. ती गुडघे सावरत उठली आणि जाब विचारायला अंगणात आली. आली ती जागीच थांबली.

घराच्या पुढं, रस्त्यावरून सरळ दिसेल अशी, कपडे वाळत घालायची दोरी होती. त्या दोरीवर थोरलीच्या बियाण्याच्या पिशव्या वाळत होत्या. निळ्या काठाच्या, जाड कापडाच्या, सगळ्याच्या सगळ्या. वाऱ्यावर छान फडफडत होत्या.

ती तशीच फिरली आणि तडक स्वयंपाकघरात शिरली.

त्या पिशव्यांचं असं होतं. फार वर्षांपूर्वी एकदा थंडी लवकर ओसरली म्हणून सगळ्यांनी घाईनं पेरलं. जमीन आतून गारच होती. सगळ्या शिवाराचं बी कुजलं. एकटी थोरली थांबली होती, तिचं तेवढं उगवलं. पुढच्या वर्षी लोक तिला विचारायला यायचे, तर ती म्हणायची, मला काय विचारता, मी काय देव लागून गेले? पण पेरणीच्या आदल्या दिवशी ती बियाण्याच्या पिशव्या धुऊन उन्हात घालते, हे कुणाच्या तरी बायकोनं हेरलं. तेव्हापासून कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. दोरीवर पिशव्या दिसल्या की दुसऱ्या दिवशी सगळं शिवार पेरायचं. बाकी ताकास तूर लागू द्यायची नाही बाई. दोरी मागच्या अंगणात नको, पुढंच हवी, असा हट्ट मात्र तिनंच धरला होता. लोक वळून बघतात हे तिला ठाऊक नव्हतं, असं धाकटीला कुणी सांगू नये.

“पिशव्या कुणी घातल्या दोरीवर?”

दादा, त्याची बायको आणि मास्तर तिच्यामागून आत आले होते. ओट्याशी नातसून उभी होती, काखेत बाळ धरून. दादाच्या मुलाची बायको ही. शहरातली, दवाखान्यात नर्स होती.

“मी,” ती म्हणाली. “दाराआड ढीग पडला होता. उंदरांचा वास येत होता. घरात पाहुणे येणार, म्हणून गरम पाण्यातून काढल्या सकाळी. काय झालं?”

“अगं बाई!” दादाची बायको मटकन स्टुलावर बसली.

धाकटीला ही पोर पहिल्यापासून पसंत नव्हती. दुधाची बाटली दोनदा उकळायची. बाळाला जमिनीवर म्हणून सोडायची नाही; चादर, चादरीवर चादर, त्यावर बाळ. बाळ कसलं, लोण्याचा गोळा होता, सगळे तिला ठमी म्हणायचे. सात महिन्यांची पोर झाली, पण तिच्या तळव्याला धूळ लागली नव्हती.

दादानंच पोरीला पिशव्यांचं सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याचा आवाज बसत गेला. तिचा चेहरा पांढरा पडला.

“मग आत्ताच्या आत्ता काढते,” ती म्हणाली.

“थांब!” दादा म्हणाला. “घातल्यात त्या घातल्यात. आता काढल्या तर लोक काय म्हणतील? आई जाऊन आठवडा नाही झाला आणि घराचा शब्द फिरला? ऊनही चांगलं पडलंय की. असेल वेळ झालेली.”

“आणि आपण काही करार केलाय का कुणाशी?” मास्तरांनी भावाची बाजू घेतली. एरवी ही दोघं भिंतीच्या रंगावरूनही भांडायची. “ज्यानं त्यानं आपलं डोकं चालवावं. आपल्या दोरीवर आपण काय वाळवायचं तो आपला प्रश्न.”

“आणि बी कुजलं तर?” नातसुनेनं विचारलं.

दादानं मास्तरांकडं बघितलं.

“तर ते म्हणतील, थोरल्या बाईंच्या पिशव्या बघून पेरलं आणि बुडालो,” ती म्हणाली. “माझं नाव कुणी घेणार नाही. त्यांचंच घेतील. चूक माझी आहे, मी दारोदार जाऊन सांगते.”

धाकटीनं तिच्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं. दोन मोठे बाप्ये, मिशा पांढऱ्या व्हायला आलेले, आईचं नाव राखायचं म्हणून मूग गिळून बसायला निघाले होते. आणि ही कालची पोर ते नाव वाचवायला स्वतःची लाज दारोदार वाटायला निघाली होती. थोरलीनं हिला बघून एकदा म्हटलं होतं, हिच्यात दम आहे. धाकटीला तेव्हा वाटलं होतं, म्हातारीला मोतीबिंदू झालाय.

“जाशील खरी,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिच्याच कानाला थोडा मऊ लागला. “पण काय सांगशील? नका पेरू म्हणशील. ते विचारतील, मग कधी पेरू? तेव्हा?”

“ते आईलाच कळायचं,” दादा खाली बघत म्हणाला. “तिच्या पायाला कळायचं. अनवाणी चालायची ना रानातून.”

“पायाला नव्हे, हाताला,” मास्तर म्हणाले. “माती मुठीत धरून बघायची. अनुभव, दुसरं काय.”

धाकटीला हसू आवरेना. आधी नाकातून आलं, मग खांदे हलायला लागले.

“पायाला नाही आणि हाताला नाही,” ती डोळे पुसत म्हणाली. “तुमच्या बुडाला कळायचं, बाबांनो.”

“काय?”

“बूड! ज्यावर बसता ते. घरातलं सगळ्यात तान्हं पोर घ्यायची, लंगोट सोडायची आणि उघडंच खालच्या रानात मातीवर ठेवायची. पोर किंचाळलं, पाय वर घेतले, की घरी. बी नाही पडायचं. पोर आरामात बसून खेळायला लागलं, की पिशव्या धुवायला. म्हणायची, बाळाचं बूड आणि बियाणं, दोघांनाही तेवढीच ऊब लागते. पहिल्यांदा दादाला बसवलं. मग तुला, मास्तर. तू तर असा भोंगा पसरायचास की पलीकडच्या रानातली गुरं उधळायची. पुढं तुमची पोरं. घरात तान्हं नसलं की लेकीला माहेरी बोलवायची, आठवण येते म्हणून. आठवण खरी यायचीच, पण बरोबर बाळ आणायला विसरू नको, हेही सांगायची.”

दादा आ वासून बघत होता. “म्हणजे सगळं शिवार... माझ्या...”

“हो. तुझ्याच जिवावर जेवलं.”

दादाच्या बायकोनं तोंड फिरवून ओट्यावर डोकं टेकलं. तिचे खांदे गदगद हलत होते, पण ते रडणं नव्हतं.

“पण मग तुम्ही कधी बोलला कसं नाहीत?” मास्तर म्हणाले.

“तिनं शपथ घातली होती. म्हणाली, कळलं तर हसतील, आणि हसले की ऐकायचे नाहीत. शिवाय तिला कौतुक होतं ना त्याचं. परत येताना पोराचं गार पडलेलं बूड दोन्ही हातांनी चोळत यायची, मुके घ्यायची आणि म्हणायची, झाली बाई माझ्या राजाची नोकरी! आई म्हणून ज्या पोरांना हाणलं त्यांचीच पोरं आजी होऊन अशी खांद्यावर मिरवायची, जशी काय रानाची मालक तीच.” धाकटीनं पदरानं नाक पुसलं. “मधे काही वर्षं घरात कुणीच लहान नव्हतं, तेव्हा कोपर टेकवून बघायची. आणि पिशव्या घातल्यावर कोंब दिसेपर्यंत तिच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही. या खेपेला मात्र निवांत होती. अंथरुणावरनं मला म्हणाली, ठमी बसायला लागलीय ना? मग झालं तर.”

सगळ्यांची नजर नातसुनेच्या काखेकडं गेली. ठमी तोंडात मूठ घालून सगळ्यांकडं आळीपाळीनं बघत होती.

“नाही,” नातसून एक पाऊल मागं सरली. “उघडं? मातीत? तिथं शेण असतं, जंत असतात. दवाखान्यात मी रोज बघते काय काय होतं ते.”

“बरोबर आहे तुझं,” धाकटी म्हणाली. जबरदस्ती करायची तर ती जन्मभर करत आली होती. इथं मात्र ती नुसती उभी राहिली. हे पोरीनंच ठरवायचं होतं.

खाली गिरणीवाल्याच्या रानात पेरणीच्या यंत्राचा आवाज सुरू झाला. उद्याची वाट बघायला आज तो तयार नव्हता, थोरल्या बाईंच्या आठवणीला म्हणून आजच पहिली ओळ पेरायला निघाला असावा. नातसुनेनं तो आवाज ऐकला. मग ती बाळाकडं बघत राहिली, आणि हळूच तिनं लंगोटाची गाठ सोडली.

“मी शेजारी बसणार,” ती म्हणाली. “आणि नंतर साबण लावून अंघोळ.”

“दोनदा घाल,” धाकटी म्हणाली.

सगळं घर खालच्या रानात उतरलं. बायका बाकांवरून उठून मागोमाग आल्या. कुणी काही विचारलं नाही, पण एकही मागं राहिली नाही. दगडी भिंतीच्या आत, थोरली उभा जन्म राबली त्या जमिनीत, नातसुनेनं गुडघे टेकले आणि ठमीला अलगद मातीवर ठेवलं.

ठमी गप्प बसली. एकदा आईकडं बघितलं. दादानं श्वास धरला होता. मास्तर भिंतीला हात लावून उभे होते.

मग खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, पाय वर उचलले गेले आणि ठमीनं असा टाहो फोडला की बांधावरचे पक्षी उडाले.

“गार आहे!” धाकटी ओरडली. “अरे, गार आहे! दादा, पळ! बंद कर म्हणावं यंत्र!”

दादा पळाला. एवढं मोठं शरीर, पण भिंतीवरून उडी मारून पळाला. धाकटी स्वतः अंगणात परत आली आणि चिमटे काढून एकेक पिशवी खेचायला लागली. दुसऱ्या टोकाकडून नातसून आली, एका हातात रडती ठमी, दुसऱ्या हातानं पिशव्या. वाटेवरच्या सगळ्या घरांनी बघावं म्हणून दोघींनी मुद्दाम सावकाश काढल्या.

गिरणीवाला धापा टाकत फाटकाशी आला. मागं दादा आणि बाकीचे.

“काय झालं हो, धाकट्या बाई? पिशव्या तर सकाळपासून होत्या.”

धाकटीनं तोंड उघडलं, पण नातसून आधी बोलली. “मी घातल्या होत्या. मला माहीत नव्हतं. माझी चूक. जमीन अजून गार आहे, पेरू नका.”

“तुला कसं कळलं गार आहे?”

नातसुनेनं ठमीला उलटं खांद्यावर घेतलं. मातीनं माखलेलं, लालगुलाबी, गारठलेलं बूड सगळ्यांच्या समोर आलं.

गिरणीवाल्यानं बूड बघितलं. रानाकडं बघितलं. मग दादाकडं, मास्तरांकडं. एकेक वर्ष त्याच्या डोक्यात उलगडत गेलं असावं, कारण त्याच्या तोंडावर आधी काहीच नव्हतं आणि मग एकदम सगळं आलं. तो फाटकाला धरून हसायला लागला. हसता हसता खाली बसला आणि खाली बसून रडायला लागला.

“थोरल्या बाई!” तो म्हणाला. “काय बाई होती! आम्हाला वाटायचं, यांना देव दिसतो!”

“तिला नातवंडं दिसायची,” धाकटी म्हणाली. “देवाला वेळ नव्हता तिच्याकडं.”

मग सगळे परत आत आले. चहा पुन्हा टाकावा लागला. मास्तर पुन्हा उभे राहिले, पण यावेळी घसा खाकरला नाही.

“मी पण बसलो होतो त्या मातीत,” ते एवढंच म्हणाले आणि मांडीवर हात ठेवून खाली बसले. त्यांनी दिलेल्या सगळ्या भाषणांत तेच एक भाषण धाकटीला आवडलं.

त्यानंतर रोज दुपारी घरातून वरात निघायची. पुढं ठमी, मागं आई, त्यामागं कुरकुरते गुडघे घेऊन धाकटी. बांधावर कुणी ना कुणी उगाच काहीतरी दुरुस्त करत उभं असायचं. रोज ठमी रडायची, रोज अंघोळ व्हायची. साबण संपला तरी नातसुनेची तक्रार नव्हती.

मग एके दिवशी ठमीला मातीवर ठेवलं आणि ती बसली. आणखी बसली. इकडं तिकडं बघितलं, दोन्ही हात खाली आपटले, मूठभर माती उचलली आणि तोंडात घातली.

धाकटीनं धास्तावून नर्सकडं बघितलं. नर्सचा हात पुढं गेला, अर्ध्यातच थांबला आणि परत मांडीवर आला.

“चव कशी आहे गं, ठमे?” ती म्हणाली.

त्या दुपारी पिशव्या नातसुनेनंच धुतल्या, थोरली धुवायची तशा गार पाण्यात. तिनंच त्या निळे काठ रस्त्याकडं करून दोरीवर घातल्या. धाकटी पायरीवर बसून ठमीचं बूड चोळत होती आणि चिमटा वाकडा लागलाय, तोंड खाली कर, असल्या सूचना करत होती.

रस्त्यावरून गिरणीवाला चालला होता. फाटकाशी थांबला, डोक्यावरची टोपी काढली.

“थोरल्या बाई,” त्यानं हाक मारली, “उद्या पेरायचं ना?”

धाकटीनं सवयीनं मागं वळून दाराकडं बघितलं. दारात कुणी नव्हतं. आत ओट्यावर भांडी पालथी पडली होती. तिनं ठमीला जरा घट्ट धरलं आणि पाठ ताठ केली.

“समोर दोरी दिसत नाही का रे?” ती ओरडली. “का डोळेपण गिरणीत दळून आलास?”